चौघींचा चहा

मोहनाताई नाशिकला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या, तरी निरुपमा भाजीवाल्याकडून पुदिना आणि गवती चहाची तीच मोठी जुडी घेत राहिली. अकोट्याच्या त्या सोसायटीत दोघी बावीस वर्षं समोरासमोर राहिल्या होत्या. रोज चार वाजता मोहनाताई निरुपमाकडे चहाला यायच्या. दोघींना जुडी तीन दिवस पुरायची. आता एकटीला आठवडाभर पुरूनही उरलेली फ्रीजमध्ये काळी पडायची.

"ओछी आपुं, बेन?" भाजीवाल्या हार्दिकने एकदा गुजरातीत विचारलं.

"कमी कशाला? नेहमीएवढीच दे."

मग तिने उरलेलं वाळवायला घेतलं. पहिल्यांदा अगाशीवर उन्हात पसरलं, तर पानं काळपट होऊन वास उडून गेला. दुसऱ्यांदा घाई नडली. पानं किंचित दमट असतानाच बरणीत भरली आणि चौथ्या दिवशी बुरशी आली. तिसऱ्यांदा मात्र तिने पुदिना धुऊन पंच्यावर निथळवला, पानं जुन्या सुती साडीवर सुटी केली, गवती चहा कात्रीने बारीक कापला आणि सगळं मधल्या खोलीत सावलीत, पंख्याखाली ठेवलं. सहाव्या दिवशी पान बोटांत धरलं, तर कुरकुरून चुरा झाला. भरलेली बरणी तिने नाशिकला पाठवली.

आठ दिवस फोन नाही. शेवटी तिनेच लावला.

"अगं, मिळालं ना!" मोहनाताईंच्या मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं. "आमचा इथे चौघींचा चहा असतो रोज. सगळ्यांना इतका आवडला! संपलासुद्धा. आणखी पाठवशील?"

"पाठवते. तुम्ही कशा आहात?"

"मजेत गं. बरं, या थांबल्यात माझ्यासाठी. मग बोलते हं."

निरुपमाने फोन ठेवला. मोहनाताईही तिथे एकट्याच कप घेऊन बसत असतील, असं ती धरूनच चालली होती. तू कुणाबरोबर चहा घेतेस, एवढंही त्यांनी विचारलं नाही. तिला राग आला, मग त्या रागाचीच लाज वाटली. माणूस सुखात आहे, याचं वाईट वाटावं?

दुसऱ्या दिवशी तिने चार जुड्या आणल्या आणि दुपारभर पानं खुडली. साडीवर जागा पुरेना, म्हणून जेवणाच्या टेबलावरही पसरली. पानं वाळेपर्यंत आठवडाभर ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या उभ्याच जेवली.