पासष्टच्या आत

"तात्या, एक्सलेटरवर पाय दाबा. पार खाली टेकस्तोवर."

"दाबलाय की गं, गायत्री."

दाबला नव्हता. यंत्राने चाचणी पुन्हा मागितली. कापूरहोळच्या नाक्यावर पीयूसी काढत मला सात वर्षं झाली. कोण चलाखी करतंय ते इंजिनाच्या आवाजावरून कळतं. सर्जेरावतात्या चलाखी करत नव्हते, त्यांच्याने पाय दाबवतच नव्हता. वेल्ह्याच्या चढांवर प्रवासी वाहताना बावीस वर्षांत त्यांनी ही जीप चाळीसच्या वर कधी नेली नव्हती.

उद्या गाडीचं पासिंग होतं. धुराचा आकडा पासष्टच्या आत आला नाही तर पासिंग नाही आणि मग जीप थेट भंगारात.

"जरा कमी दाखव की पोरी," ते म्हणाले.

"तिला कशाला पापात पाडताय?" शेजारच्या सीटवरून कमळाबाई, त्यांची कारभारीण, बोलल्या.

चौथ्या वेळेला त्यांनी डोळे मिटून पाय दाबला. काळा लोट माझ्या टपरीत शिरला. एक्क्याऐंशी.

मला रागच आला. कुणाचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. या माणसाने गाडी पोटच्या पोरीसारखी जपली आणि त्या जपण्यानेच तिच्या पोटात काजळी साचली.

"फिल्टर बदलला?"

"परवाच. नोझलबी साफ केलं."

"मग एकच करा. हायवेनं शिवऱ्यापत्तोर पळवून आणा. लई जोरात. काजळी जळंल."

"हिला पळवू?" ते जीपकडे बघत राहिले. "ही गेली तर मला कोन वळखनार? समदी जीपवाले तात्याच म्हनत्यात."

गेले एकदाचे. अर्ध्या तासात यायला हवे होते, तास झाला. एक ट्रकवाला चहा पिताना सहज म्हणाला, शिवऱ्याच्या अलीकडं एक जुनी जीप बॉनेट उघडून उभी हाय. पळवायला मीच लावली होती. पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर मी दोनदा चुकवला.

जीप आली, वाफा टाकत. सर्जेरावांनी न सांगता पाय पार खाली दाबला. बासष्ट!

"पास, तात्या!" मी ओरडलेच.

कागद घ्यायला ते आले नाहीत. बॉनेटला कान लावून उभे होते. आत टक-टक वाजत होतं.

"सकाळी न्हवतं ह्ये," ते म्हणाले.

"थंड झाली की जाईल, तात्या." माझा काही त्यावर विश्वास नव्हता.

"व्हय."

कागद कमळाबाईंनी घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. जीप निघाली. टपरीपुढच्या चढाला ती अडखळली, तशा कमळाबाई खाली उतरल्या, तेवढंच ओझं कमी. पदर खोचून त्या पुढे चालू लागल्या आणि जीप त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीने.