साडेदहाला खाली

जमिनीपासून साठ मीटरवर माझी खुर्ची आहे. मी टॉवर क्रेन चालवते. सकाळी सहाला शिडी चढायला लागायचं, मध्ये दोनदा दम खायचा, की वीस मिनिटांनी केबिनचं दार. नऊ वर्षं झाली, तरी आत बसल्यावर पहिली दोन मिनिटं मी काही करत नाही, नुसती बघते. ऊन एकेका गच्चीवर उतरत येतं, रस्त्यावरच्या बस बोटाएवढ्या दिसतात, आणि पायाखाली आमची अर्धी बांधलेली इमारत सळया वर काढून उभी असते. हे सगळं मला एकटीला दाखवायला मांडलंय असं वाटतं. नवरा म्हणतो, तुला पगार नाही दिला तरी तू चढशील. खोटं आहे, पण फारसं नाही.

त्या खुर्चीत मला बसता येईनासं झालं होतं. कारण सांगायची तेव्हा लाज वाटायची, आता वाटत नाही. मला गुदद्वाराशी चीर पडली होती. केवढी? तांदळाच्या दाण्याएवढी. सहा टनांचा बोजा अलगद उचलून ठेवणारी बाई एका दाण्यापुढे हतबल झाली.

सकाळी संडासला जायचं मी होईल तितकं लांबवायची. जाताना काच कापत गेल्यासारखं व्हायचं, कागदावर लालभडक रक्त, आणि खरा छळ त्यानंतर. दोन-तीन तास आतून कुणी पिळत राहायचं. तशीच मी शिडी चढायची आणि वर एका कुल्ल्यावर बसून काम करायची. वर्षभर मी त्याला मूळव्याध म्हणत होते, कारण त्या भागात काहीही झालं तरी आपण त्याला मूळव्याधच म्हणतो. औषधाच्या दुकानात जाऊन हळू आवाजात मलम मागायचं, दुकानदाराने मोठ्या आवाजात 'मूळव्याधीचं का?' विचारायचं, की मी पैसे टाकून पळ काढायची.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. एकदा वर चढलं की मध्ये उतरायचं नाही, अशी आमच्यात ऐट असते. उतरायला दहा-बारा मिनिटं, चढायला वीस, तेवढा वेळ सगळी साइट हात बांधून उभी. जेवणसुद्धा आम्ही वरच उरकतो. पुरुष ऑपरेटर जवळ बाटली ठेवतात आणि मोकळे होतात. मला ती सोय नाही. म्हणून रात्री आठनंतर मी पाण्याला शिवत नसे, आणि वर असताना कळ आली तर दाबायची. दाबण्यात मी पटाईत होते. नऊ वर्षांत एकदाही क्रेन थांबवली नाही, हे मी लोकांना छाती काढून सांगायची. चीर पडल्यावर तर मी आणखी अक्कल चालवली. कमी खाल्लं तर कमी बाहेर येईल, म्हणून जेवणही निम्मं केलं. झालं उलटंच. जे यायचं ते दगड होऊन यायला लागलं.

मग एके दिवशी सळयांचा भारा फिरवताना आतून अशी कळ आली की माझा हात दांडीवर आपोआप आवळला. भारा हिसका खाऊन झुलला आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला. वॉकीटॉकीवर 'ताईऽ, सोडा, सोडा!' अशी किंकाळी आली. ती आमच्या सिग्नलवाल्याची. जमिनीवरून तो सांगतो आणि वरून मी उचलते, गेली नऊ वर्षं. साइटवर त्याला सगळे 'खालचा' म्हणतात. मी दादा म्हणते. कुणाला लागलं नाही. पण उद्या कुणाच्या डोक्यावर काही पडलं तर? त्या दिवशी मला कळून चुकलं, एक तर हे दुखणं जाईल, नाही तर माझी खुर्ची.

डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी कागदावर दोन गोल काढले, एकात एक.

"ही मूळव्याध नाही, फिशर आहे. जुनी झालीय म्हणून भरत नाहीये," त्या म्हणाल्या. "तिथे स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं तुमचं ऐकतं. आतलं कुणाचंच ऐकत नाही. जन्मल्यापासून ते मिटलेलं असतं. झोपा, हसा, शिंका, ते मिटलेलंच. वेळ आली की क्षणभर सैल होतं आणि पुन्हा मिटतं. सत्तर-ऐंशी वर्षं, विनातक्रार."

"कुणी न सांगता?"

"कुणी न सांगता. तुमच्या जखमेने ते घाबरलंय, म्हणून आवळून बसलंय. आवळल्यामुळे रक्त पोचत नाही, रक्त नाही म्हणून जखम भरत नाही, आणि भरत नाही म्हणून ते आणखी आवळतं."

मी त्या दोन गोलांकडे बघतच राहिले. मग म्हटलं, "बाई, आमच्या क्रेनचा ब्रेक असाच असतो. लोकांना वाटतं, मी दाबला की तो लागतो. तसं नाही. तो स्प्रिंगने कायम लागलेलाच असतो. वीज दिली की तेवढ्यापुरता सुटतो. वीज गेली, मी मेले, तरी ओझं खाली पडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "खरंच?" त्या म्हणाल्या. "हे मी उद्यापासून सगळ्या पेशंटना सांगणार."

माणसांनी इतकं डोकं लावून जो ब्रेक बनवला, तो माझ्या अंगात आईच्या पोटापासून होता, आणि मी त्याला शिव्या देत होते. मला एकदम भरून आलं. कुठे भरून यावं यालाही काही धरबंध असतो, पण आलं खरं.

उपाय ऐकल्यावर ते भरून येणं ओसरलं. दिवसातून दोनदा मलम, आठ आठवडे. रोज कोमट पाण्याच्या टबात बसायचं. भाज्या, फळं. आणि दिवसभर पाणी.

"वर पाणी प्यायले तर उतरावं लागेल."

"मग उतरा."

"साठ मीटर आहे, बाई."

"मग साठ मीटर उतरा. कळ आली की दाबायची नाही. हे जमलं नाही तर ऑपरेशन करू, छोटंच असतं. पण पाणी नाही प्यायलात तर माझं ऑपरेशनही तुमच्यापुढे हात टेकेल."

दुसऱ्या दिवशी वर अर्धा लिटर पाणी प्यायले आणि साडेदहाला व्हायचं तेच झालं. वॉकीटॉकीवर बोललेलं सगळ्या साइटला ऐकू जातं. मी डोळे मिटून बटण दाबलं.

"दादा, मी खाली येतेय."

"का? काय बिघडलं?"

"क्रेन नाही बिघडली. मला जायचंय."

तो म्हणाला, "या. फाटकाजवळच्या ऑफिसातल्या संडासाची किल्ली काढून ठेवतो."

उतरायच्या आधी हुक वर घ्यायचा आणि क्रेनचा लांब हात वाऱ्यावर मोकळा सोडायचा, असा नियम आहे. मी फाटकाजवळून वर पाहिलं. केबिन रिकामी, आणि तो पन्नास मीटरचा हात कुणी हाकत नसताना सावकाश वाऱ्याच्या दिशेने वळत होता. नऊ वर्षं मी त्याच्या मुळाशी बसत होते, आणि संध्याकाळी उतरले की वर न बघता घर गाठायची. तो केवढा आहे हे मला त्या दिवशी दिसलं. मान अवघडेपर्यंत मी बघत होते. तेवढ्यात साइटचे साहेब आले.

"चाळीस मिनिटं जाणार, ऑपरेटर! अख्खी साइट खोळंबलीय. रोज असं चालणार असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"साहेब, सकाळपासून तुम्ही किती वेळा जाऊन आलात?" मी विचारलं. आणि मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. ती वाचून ते म्हणाले, "दोन महिने. त्यानंतर ही थेरं चालणार नाहीत."

ते दोन महिने मी परीक्षा द्यावी तसे काढले. टब घरात एकच होता, मुलीचा, ती तान्ही असतानाचा, बदकांची चित्रं असलेला. "आई, तू माझ्या टबात का बसलीस?" तिने विचारलं. "तू त्यात मावत नाहीस म्हणून," मी म्हटलं. नवरा रोज पाणी तापवून आणायचा, आधी कोपर बुडवून बघायचा, आणि दाराबाहेर बसून मला पेपर वाचून दाखवायचा. तिसऱ्या आठवड्यात नंतरचं दुखणं तासाभरावर आलं. पाचव्यात पुन्हा रक्त दिसलं आणि मी हंबरडा फोडला. सातव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी मी संडासात बसले, झालं, आणि मी दुखण्याची वाट बघत बसून राहिले. ते आलं नाही. कानोसा घ्यावा तशी मी माझ्याच अंगाचा कानोसा घेत होते. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता. माझ्या आत ते कडं मिटलं होतं, कुणी न सांगता, आणि आपल्या कामाला लागलं होतं. मी हात जोडले. बाहेरून नवरा म्हणाला, "अगं, ठीक आहेस ना?" "ठीक आहे," मी म्हटलं, "एकदम ठीक."

दोन महिन्यांची मुदत संपली त्या दिवशी साडेदहाला वॉकीटॉकी वाजला.

"ताई, वेळ झाली."

"आज नाही उतरत, दादा. बरी झाले मी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निभेल."

"अरे वा! छान झालं, ताई." मग तो म्हणाला, "जरा मागच्या बाजूला बघता का?"

मागच्या बाजूला, नव्या स्लॅबवर, सळया बांधणाऱ्या बायका असतात. सात जणी. मी त्यांच्याकडे रोज भारे पोचवते, पण वरून मला फक्त त्यांची पिवळी हेल्मेटं दिसतात. आज हेल्मेटं नव्हती दिसत, तोंडं दिसत होती. सातही जणी हातातलं काम टाकून, मान वर करून माझ्याकडे बघत होत्या.

"हुक चालू असला की त्यांना जागा सोडता येत नाही, ताई," दादा सांगत होता. "जेवणाच्या सुट्टीत त्या एका पत्र्याच्या संडासाला पुरुषांची रांग असते. तुम्ही उतरता तेव्हाच त्या जाऊन येतात. दोन महिने झाले."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी संध्याकाळी, घरी गेल्यावर."

इतक्या उंचावरून मला सगळं दिसतं, असं मी नऊ वर्षं समजत होते.

"ऑपरेटर," मध्येच साहेबांचा आवाज आला, "बरं वाटतंय म्हणता ना? मग चालू ठेवा काम."

"बरं वाटतंय, साहेब. साडेदहाला क्रेन बंद. रोज."

"कशासाठी?"

ते मी खाली जाऊन सांगणार होते, समोरासमोर. केबिनचं दार उघडून मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा त्या साती जणी निघाल्यासुद्धा होत्या.