काकवी घरात आली तेव्हाची गोष्ट

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. "कापशे, तोंड उघडायचं नाही हं," असं सुकन्याने मला बजावलं होतं. पण ससा बोलतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून मी निर्धास्तपणे बोलतेय.

मी कापशी. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. कोल्हारला प्रवरेच्या काठी भागवत आप्पांचं घर आहे, त्या घराच्या ओसरीवर माझा पिंजरा आहे. तळहाताएवढी होते तेव्हापासून मला त्यांच्या लेकीने, सुकन्यानेच वाढवलं. ती चारचौघांत फारसं बोलत नाही. माझ्याशी मात्र खूप बोलते.

यंदा ती दहावीला गेली. सकाळी जादा तास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा अभ्यास. मी दिवसभर एकटी. लसूणघासाचा कोवळा शेंडा मी कधी सोडत नसे, तोही तसाच वाळू लागला. बसल्या बसल्या मी स्वतःचेच केस उपटायचे. सुकन्याने ते पाहिलं आणि दोन दिवस मनात जुळवाजुळव करून ती आप्पांना म्हणाली, "तिला सोबत पाहिजे."

आप्पांनी बाजारातून एक तपकिरी ससा आणला. तीही मुलगीच. "जोडी आनली असती तर वर्षात घरभर ससे झाले असते," आप्पा म्हणाले. तिचा रंग बघून सुकन्याने नाव ठेवलं काकवी.

आता खरी चूक झाली ती इथे. सुरेखाआईने नव्या सुनेसारखं काकवीला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि तिला थेट माझ्या पिंजऱ्यात सोडून दार लावलं.

"आई, लगेच नको गं," सुकन्या हळूच म्हणाली.

"घेतील जमवून. मी या घरात आले तवा मला कुनी इचारलं हुतं?"

"तू तर पयल्याच दिवशी माझ्या आईशी भांडलीस," आप्पा म्हणाले.

माणसांचं काही का असेना, मला ते जमलं नाही. माझं घर, माझी वाटी, माझा कोपरा, आणि त्यात हा परका वास! मी धावून गेले. पिंजराभर केस उडाले. मी तिच्या कानाचा कडकडून चावा घेतला. सुकन्याने दार उघडून तिला बाहेर काढलं तेव्हा कानातून रक्त येत होतं.

"हे काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"तारेला अडकला," सुकन्या म्हणाली. ती खोटं बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आप्पांनी माझ्या तोंडाला चिकटलेल्या तपकिरी केसांकडे पाहिलं. "पुढच्या बाजारापत्तुर बघू. न्हाई जमलं तर ही परत. मग कोन पाळायला नेतंय आन् कोन कापायला, ते आपल्या हातात न्हाई."

त्या संध्याकाळी सुकन्या जेवली नाही.

काकवीला दुसऱ्या खोक्यात ठेवलं. दुसऱ्याच दिवशी गोठ्यातली एक शेळी व्याली आणि दगावली. तिचं करडू दुसऱ्या शेळीला लावायचं होतं, पण ती त्याला ढुशा देऊन हाकलायची. मग आईने त्याच शेळीचं दूध काढून करडाच्या अंगाला चोळलं. "आपला वास आला की घेती जवळ," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी करडू खुशाल पीत होतं.

सुकन्या गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. तिथून ती सरळ माझ्याकडे आली. माझं गोणपाट काढून तिने काकवीखाली घातलं, काकवीचं माझ्याखाली. रोज हीच अदलाबदल. मी आधी पाय आपटले. मग नुसतंच हुंगलं. चौथ्या दिवशी मी त्या गोणपाटावर गाढ झोपले, आणि जाग आल्यावर लक्षात आलं की मला ते परकं वाटलंच नव्हतं.

बाजाराच्या सकाळी आप्पा टोपली घेऊन आले. सुकन्या आडवी उभी राहिली. "आप्पा, एकदा बघू. माझ्यासमोर. मग न्या." ती वाटेतून हलली नाही.

तिने आम्हा दोघींना मोकळ्या अंगणात सोडलं. ती जागा ना माझी, ना तिची. काकवी अंग चोरून बसली. मी पुढे गेले. तिचा तो कान माझ्या अगदी तोंडाशी होता. कडेला एक खाच राहिली होती.

मी तो कान चाटला.

आप्पांनी टोपली खुंटीला अडकवली. "तारेनं माफी मागितली म्हनायची," एवढंच बोलून ते शेताकडे गेले.

आता आम्ही एकाच पिंजऱ्यात राहतो. सुकन्या निर्धास्त शाळेत जाते. तुमच्याकडे एकटा ससा असेल तर त्याला सोबत जरूर आणा. फक्त पहिल्याच दिवशी दोघांना एकत्र कोंडू नका, आधी त्यांचे वास…

"कापशे! काकवे! घास आणलाय!"

बघा, सुकन्या आली. जायला हवं. कोवळा शेंडा समोर असला तरी मी आल्याशिवाय काकवी त्याला तोंड लावत नाही, नुसती माझ्या वाटेकडे बघत बसते.