दाराबाहेरचे पाच

टोर्केल रंगाऱ्याकडे बाईचा एकच चेहरा होता. जाड कागदावर काढलेला आणि रेषेरेषेवर सुईने टोचलेला. कागद भिंतीला लावून वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, की ठिपक्यांचा चेहरा उमटे. मग तो डोळे निळे करी आणि गाल लाल. रंग वाटून सरसात कालवून देण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे मला हे ठाऊक होतं. गावाला ठाऊक नव्हतं.

सराई माझ्या मार्गितवहिनीची. माझा भाऊ गेल्यावर तिनेच ती सांभाळली. बैठकीच्या काळवंडलेल्या भिंती रंगवायचं ठरलं, तेव्हा पाद्रीबाबांनी बजावलं, "पिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी धर्माचं असू दे." म्हणून बायबलातल्या दहा कुमारिका निवडल्या. त्या दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहतात. पाच शहाण्या मुलींकडे तेल असतं, त्या लग्नघरात जातात. पाच मूर्ख तेल विसरतात आणि दार त्यांच्या तोंडावर बंद होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव चित्र बघायला आलं. आमच्या गावात लग्नाच्या मुली अकरा होत्या.

"दाराबाहेरची ही हिरव्या एप्रनची आमची स्टीना ना?" गुनिलाने विचारलं. गुनिला समोरच्या वाडीतली. तिच्या नवऱ्याचे, यॉन्सचे, घोडे पंचक्रोशीत नावाजलेले.

"कुणाचीच कुणी नाही हो," टोर्केल म्हणाला. "हिरवा रंग उरला होता."

"म्हणजे उरलासुरला रंग आमच्या पोरीला!"

"बाई, दहाही तोंडं सारखीच आहेत."

"मी आंधळी आहे का? नाक तिचंच आहे."

"नाक तर आमच्या सिग्रिदचं आहे," मागून कुणी म्हणालं, "आणि ती आत बसलीय, शहाण्यांत. तेव्हा उगीच हक्क सांगू नकोस."

अकराव्या मुलीची आई सर्वांत जास्त रडली. मूर्खांतसुद्धा तिच्या पोरीला जागा मिळाली नव्हती.

आता, सराईत आलेल्या वाटसरूला पुढच्या मुक्कामापर्यंत घोडा पुरवायचा, ही गावकऱ्यांची पाळी असे. सोमवारी पाळी यॉन्सची होती. त्याने निरोप धाडला, घोडा आजारी आहे. मंगळवारचाही घोडा आजारी निघाला. बुधवारपर्यंत गावातले सगळे घोडे अंथरुणाला खिळले. आमच्या खिडकीतून ते तळ्याकाठी एकमेकांना लाथा मारताना दिसत.

त्या बुधवारी अंमलदारसाहेब आले आणि अडकले. जवाची लापशी आणि खारवलेला मासा खाऊन शनिवारी त्यांचा संयम संपला. "सोमवारी सकाळी मला घोडा मिळाला नाही," ते वहिनीला म्हणाले, "तर सराईचा परवाना खालच्या गावाला देतो."

ते झोपायला वर गेल्यावर वहिनीने टोर्केलला भिंतीपुढे उभं केलं.

"ह्या बाहेरच्या पाचजणींची तोंडं बदला."

"दुसरं तोंड नाही माझ्याकडे."

"रंगारी ना तुम्ही?"

"पुरुषाचं आहे एक. दाढीवालं. त्याच्यातून मी अब्राहाम केलाय, राजा केलाय, सैतानही केलाय. शिंगं तेवढी वेगळी लावली."

वहिनीने बाह्या वर सारल्या. मग मला म्हणाली, "अगं, ओलं फडकं आण."

सरसातला रंग ओल्या फडक्याने निघतो, हे तिला मीच सांगितलं होतं. पाच चेहरे पुसले आणि पाच दाढ्या उमटल्या. झगे तसेच ठेवले, कारण आमच्याकडच्या पुरुषांचे कोट तेवढेच लांब असतात. हातातल्या उपड्या, रिकाम्या दिव्यांना टोर्केलने एकेक कान जोडला, त्यांचे पेले झाले. बंद दार होतं तसंच राहिलं.

रविवारी गाव पुन्हा आलं. गुनिला सर्वांत पुढे, हाताची घडी घालून. तिने बंद दार पाहिलं, उपडे पेले पाहिले, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"शेवटी ह्या माणसाने काहीतरी खरं काढलं," ती म्हणाली.

"हा मधला मीच," यॉन्स म्हणाला.

"तू कुठला? मी आहे तो," लोहार म्हणाला. "मार्गितबाईंनी नाताळात मला अस्संच बाहेर काढलं होतं."

"तुला तर पायरीवरून ढकललं होतं. हा उभा तरी आहे!"

आत उरलेल्या पाच मुलींत अकराही आयांना आपापली मुलगी सापडली. पाद्रीबाबा मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मार्गितबाई, पवित्र ग्रंथात ह्या जागी मुली आहेत."

"असतील बाबा. पण आमच्या मुली तेल विसरत नाहीत. विसरतात ते हेच."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. पाद्रीबाबा गर्दीत एकटे पडले. त्यांनी एक पेला मागितला.

सोमवारी उजाडताच यॉन्स त्याचा सर्वांत चांगला घोडा घेऊन दारात उभा होता. अंमलदारसाहेब गाडीत चढले, पण यॉन्स लगाम सोडीना.

"आता काय?" वहिनीने विचारलं.

"माझा पेला जरा लहान झालाय."

साहेब गाडीत वाट बघत बसले. टोर्केल आत गेला. पेल्यासाठी त्याच्याजवळ टोचलेला कागद नव्हता, त्यामुळे तो हातानेच काढावा लागला. तो पेला यॉन्सच्या डोक्यापेक्षा मोठा झाला. आमच्या भिंतीवर मापाबाहेरची गोष्ट तेवढी एकच आहे आणि तिच्याबद्दल कुणाचीही तक्रार नाही.