कुंताबाईंची जड वाकळ

मी एक जुनी वाकळ आहे. आंधळगावच्या कुंताबाईंनी मला शिवले, त्याला बत्तीस वर्षे झाली. दोन विटलेली लुगडी आणि त्यांचे यजमान तेजरामजी यांचे एक धोतर यांचे थर घालून त्या महिनाभर टाके घालत होत्या. शेजारच्या बायका माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "केवढी जड, केवढी गरम!" मित्रांनो, त्या जडपणाचा मला फार अभिमान होता.

त्याच हिवाळ्यात कुंताबाईंना तिसरे बाळ झाले. दिवस भरण्याआधीच आलेला तो चिमुकला मुलगा होता. थंडी बाधू नये म्हणून त्या त्याला पालथे निजवून वरून मला घालत. तो अडीच महिन्यांचा झाला. एका सकाळी त्याला निजवून त्या अंगणात धान पाखडायला गेल्या. परत आल्या, तेव्हा तो उठला नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. लोक म्हणाले, नजर लागली. तो नेमका कशाने गेला, ते कोणालाच कळले नाही. मला मात्र एक ठाऊक होते. मी त्याच्या तोंडावर होते.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. पुढे मी पाहुण्यांना ऊब दिली, आजाऱ्यांना दिली, ठिगळे लावून घेतली. पण घरात कुठे तान्हे रडले की माझा जीव टांगणीला लागे.

या पौषात कुंताबाईंना नात झाली. तीही वजनाने कमीच होती. दीड महिन्याची असताना एका दुपारी तिची आई मनाली अंघोळीला गेली आणि बाळ किरकिरू लागले. कुंताबाईंनी तिला पालथे घालून थोपटले, डोक्याखाली मोहरीची उशी सारली आणि वरून मला घातले. तेजरामजी खाटेशेजारीच बिडी ओढत बसले होते. बाळाने पाय झाडले. मी बोटभर वर सरकले. पुन्हा झाडले, मी कानावर आले. मग नाकावर. तिचा ओलसर, गरम श्वास माझ्यात कोंडत होता. मला ओरडायचे होते, पण वाकळीला कुठला आवाज?

तेवढ्यात गावच्या आशा कार्यकर्त्या रत्नमालाताई बाळाचे वजन करायला आल्या. दारातून पाहताच त्या चपलांसकट आत धावल्या, त्यांनी मला ओढून फेकले आणि बाळाला उताणे केले. बाळ टाहो फोडून रडू लागले. ते रडणे ऐकून मला हायसे वाटले.

"काहून उठवलं तिले? आताच झोपली होती!" कुंताबाई संतापल्या.

"मावशी, नाकावर पांघरूण आलं होतं. लेकराले उताणंच निजवत जा. अन् जवळ बिडीचा धूरही नको."

"मले शिकवून राहिली काय? पाच लेकरं वाढवले मीनं!"

बोलता बोलता त्या थबकल्या. ओल्या केसांनी मनाली दारात उभी होती. कुंताबाईंची नजर खाली पडलेल्या माझ्यावर गेली.

"पाच नाही, चार," त्या पुटपुटल्या. "एक असंच झोपलं होतं. याच वाकळीत. मीनंच मारलं काय वो त्याले?"

रत्नमालाताईंनी त्यांचा हात धरला. "नाही मावशी. तो कशानं गेला, आता कोणीच सांगू शकत नाही. अन् तवा तुम्हाले हे कोणी सांगतलंच नव्हतं. म्हणून तर मी आता सांगून राहिली."

तेजरामजींनी बिडी विझवली. त्या दिवसापासून ते घरात बिडी पेटवत नाहीत.

आता बाळ आईच्या खाटेजवळ, घट्ट, सपाट गादीवर उताणे झोपते. उशी नाही, सैल पांघरूण नाही. अंगात पुरेसे गरम कपडे असतात. बाळ अजून तीन महिन्यांचेही नाही. कुंताबाई घडीघडी वाकून त्याची छाती हलते का, ते बघतात. दांडीवरून मीही बघते. आम्हा दोघींनाही चैन नाही.

मित्रांनो, मोठ्यांनी मला खुशाल पांघरावे. पण तुमच्या घरी तान्हे बाळ असेल आणि त्याच्या तोंडावर माझ्यासारखे काही दिसले, तर कोणाची वाट पाहू नका. ओढून बाजूला काढा आणि मोठ्यांना हाक मारा. बाळ उठेल, रडेल, घरचे रागावतील. रागावू द्या.