जनीच्या मसाल्याचा अर्धा वाटा

मी पत्र्याचा डबा बोलतोय. पनवेलच्या बाजारात एका कारागिरानं मला ठोकून घडवलं, म्हणून पोटाला जरा पोचा आहे. काशीरामनं मला आणलं तेव्हा त्याचं लग्न नवं होतं. तेव्हापासून पळस्प्याजवळच्या त्याच्या घरात मी फळीवर बसून असतो, पोटात जनीचा मसाला घेऊन.

दर उन्हाळ्यात जनी मिरच्या वाळवते, खडा मसाला भाजते, शेवटी मूठभर खसखस. त्या वर्षी मसाला झाला आणि मुलगा परेश आखातात नोकरीला निघाला. अर्धा मसाला त्याच्या बॅगेत गेला, अर्धा माझ्यात. झाकणाभोवती जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट बांधून जनी म्हणाली, "पोरगा सुट्टीवर आला का सोडीन."

पोरगा आला नाही. तिथल्या विमानतळावर मसाला तपासला, त्यात अफूचा अंश निघाला. नशेचा माल लपवून आणला म्हणून त्याला तुरुंगात टाकलं.

नाक्यावर लोक काशीरामला विचारत, "काय रं, पोरगा मसाल्याचा धंदा करतो म्हणं?" तो हसायचा आणि अर्धा चहा टाकून घरी यायचा.

मग वल्लरी आली, वर्तमानपत्रातली. थेट चुलीपाशी बसली. जेवली, नाक पुसलं, पुन्हा रस्सा मागितला.

"मावशी, ह्यात काय काय घालता?"

जनी सांगत गेली. खसखस ऐकून वल्लरीचा घास थांबला. "तिथं खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातलंच बी ते. परेशला दिला त्याच मसाल्यातला काही घरी उरलाय का?"

काशीरामनं माझ्याकडं पाहिलं.

"त्यो डबा नाय," जनी म्हणाली. "त्यो परेश आल्यावर."

"अगं, तू बांधून ठेवलास म्हणून तर हाय," काशीराम म्हणाला. "आता सोड."

गाठ इतकी बसली होती की जनीनं ती दातांनी सोडली. वल्लरीनं चार माणसांसमोर वाटीभर मसाला तपासणीला नेला. त्यात घरची भाजलेली खसखस निघाली, दुसरं काही नाही. तिनं ते छापलं. तिथल्या वकिलानं तो अहवाल अपिलात ठेवला, आणि दोन्हीकडचा मसाला एकच ठरला. नशेचा माल नव्हे, स्वयंपाकाचा मसाला म्हणून परेश सुटला.

परेश घरी आला तो सरळ फळीपाशी. "आये, हा कुनी उघडला?"

"पेपरवाल्या बायनं. ती आली नसती तर तू कुठला यायला?"

त्या दिवशी कोंबडी शिजली आणि माझा तळ दिसला.

आता जनीनं मला धुऊन उन्हात उपडा घातलाय. तुमचं पोर परदेशी निघालं, तर बॅगेत भरता ते तिथं चालतं का, आधी विचारून घ्या. आणि थोडं घरीही ठेवा.