सात पट्टे

"डोळा भिंगाला टेकव. हं, आता मोज," माशीवाला म्हणाला.

त्याची मुलगी स्टुलावर बसून पुढे वाकली. महिन्यापूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. पाठीचा कणा मधेच अर्धवट राहिला होता. पाण्याची बादली उचलली म्हणून असं झालं, हे सासूचं बोलणं तिने मनाला लावून घेतलं होतं. माहेरी येऊन पडली होती, ना धड खाणं, ना झोप. शेवटी आज बापाने तिला प्रयोगशाळेत ओढून आणलं.

एकतीस वर्षं तो इथे फळमाश्या सांभाळत होता. मक्याचं पीठ शिजवून बाटल्यांत ओतायचं, दर पंधरा दिवसांनी माश्या नव्या बाटलीत झटकायच्या, अंडी रंगवून काचेवर ठेवायची. "जन्मभर माश्याच मारल्यात," असं बायको चिडवायची. "मारत नाही गं, पाळतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

"सात पट्टे आहेत," मुलगी म्हणाली.

"अंडं घातल्यावर तीन तासांत उमटतात. अंगाचा कुठला भाग कुठे, ते त्यांच्यावरून ठरतं. आता ही दुसरी काच बघ."

ती मोजता मोजता थांबली. "मधले नाहीतच."

"मग तिथलं अंगही होत नाही. आईबाप धडधाकट असतात, पण दोघांकडून तीच खोट आली की चारांतलं एक असं निघतं. माशीने काहीच केलेलं नसतं. तुझ्या बाळाचं नेमकं काय झालं, ते मला कळत नाही. पण माणसाचा कणाही पहिल्या महिना-दीड महिन्यातच ठरतो. तू बादली उचललीस पाचव्यात!"

ती रडली, महिन्यात पहिल्यांदाच मोकळेपणाने रडली. बापाच्या मनावरचं ओझं उतरलं.

मग तिने डोळे पुसले. "बाबा, माझ्या आधीचा भाऊ. तोही असाच होता ना?"

"हो."

"'जिन्यावरून मी घसरले म्हणून तो गेला,' असं आई मरेपर्यंत म्हणायची. तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

होता. याच स्टुलावर बसून पट्टे मोजत होता, दुपारी बायकोच्या हातचा डबा खात होता. तिला इथे आणावं, हे त्याला कधी सुचलंच नाही.

मुलगी बाहेर गेली. माशीवाल्याने भिंग पुसलं, पहिली काच परत लावली. मग स्टूल फिरवून थोडं वर केलं. बायको मुलीपेक्षा बुटकी होती.